पटातला दुपट्टा

गुडघा दुखतो म्हणून आज बायकोने तेलात हळद घालून गरम केलं, आणि त्या वासासरशी नेर गावाकडचा एक शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आठवला. उन्हाळा लागला की आमच्या गावच्या एका पांढऱ्या बैलजोडीपायी मी गावोगावच्या शर्यती गाठायचो. त्या दुपारी शेवटच्या शर्यतीत आमची जोडी मागे पडू लागली, आणि धावपट्टीच्या कडेच्या दोरीला टेकून उभा असताना मी खांद्यावरचा दुपट्टा काढून पुढच्या जोडीच्या तोंडासमोर फडकावला. एक बैल बिचकून गुडघ्यावर कोसळला. आमचे जिंकले, गुलाल उधळला. धुळीत मला कोणीच पाहिलं नव्हतं. नंतर तिकडून जाताना दिसलं, हरलेली जोडी हाकणारा म्हातारा चहावाल्याच्या शेगडीवर गरम केलेलं तेल-हळद बैलाच्या पायाला चोळत होता. "कधी बिचकत नाही हा, भाऊ. माहाच हात चुकला असन," तो म्हणाला. "बांधाले एखादं फडकं हाये काय तुमच्याजवळ?" मी तोच दुपट्टा दिला. त्याने तो घट्ट बांधला आणि उठून मला हात जोडले. आज बायको गुडघ्याला बांधायला दुपट्टा घेऊन आली, तर मी उगाच तिच्यावर खेकसलो.