खुनी सापडायच्या आत

आमच्या सोलापुरात टीव्ही अजून आला नव्हता, पण माझ्या न्हाव्याचं त्यावाचून काही अडलं नव्हतं. रविवारी सकाळी रेडिओवर खुनाची श्रुतिका लागली की त्याचा वस्तरा हवेतच थांबायचा आणि माझ्या गालावरचा साबण वाळून जायचा. मी चिडायचो. तो म्हणायचा, "जरा दम धरा की मास्तर, पुरावा चाललाय."

श्रुतिका संपली की तो तिची झडती घ्यायचा. एकदा दाढीवाला खुनी दाढी काढून फौजदारासमोरून निसटला. "बाई लई खरी रडली. जिन्यावरच्या पावलांचा आवाज बी झकास," असं आधी कौतुक झालं. मग तो भडकला. "पर हितल्या उन्हात दाढी काडली तर खालची कातडी पांढरीफटक दिसती की! फौजदाराला डोळं न्हाईत व्हय?"

पुढं महिन्याभरानं मी गावाहून परतलो. डोक्यावर टोपी घट्ट ओढून त्याच्या खुर्चीत जाऊन बसलो. श्रुतिका ऐन रंगात आली होती. साबण लावता लावता त्याचा ब्रश माझ्या ओठावर थांबला. तिथं मिशीच्या जागी नुसती फिकट पट्टी उरली होती. त्यानं हात लांबवून रेडिओ बंद केला.

"अरे, आता खुनी सापडणार होता की!" बाकावरची माणसं ओरडली.

"सापडू द्या," तो म्हणाला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यानं हळूच विचारलं, "वडील, का आई?"