व्याह्यांनी न धरलेला मुद्दा

जगात पुढे काय काय होणार आहे हे सगळं आधीच ठाऊक असलेला एकच माणूस मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. ज्योतिषाशी त्यांचा काही संबंध नाही. पत्रिका बघणाऱ्याला ते दारातही उभं करणार नाहीत. त्यांचं भविष्य यंत्रं, पैसा आणि जमीन यांवरून निघतं. कुठे कोणतं यंत्र येणार, त्याच्यामागे पैसा कुठून येणार आणि जागा उंचावर आहे की सखल, एवढं कळलं की कुठल्या घरात कोण राहील आणि कोण कोणाशी लग्न करील हे ते चहा निवायच्या आत सांगतात. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात ते फोरमन होते. त्या कारखान्याच्या जागी पुढे काचेची इमारत आली, आणि जिथे लेथ होता तिथे आता मुलं-मुली कॉफी पितात. कारखाना बंद झाला तेव्हा इतर कामगार मालकाच्या नावाने बोटं मोडत होते. व्याही मात्र खुशीत घरी आले म्हणे, कारण हे असंच होणार हे त्यांनी कॅन्टीनमध्ये आधीच सांगून ठेवलं होतं. हे मला विहीणबाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्या अजूनही चिडलेल्या होत्या.

माझी मुलगी कांदिवलीची, त्यांचा मुलगा भांडुपचा. दोघं अंधेरीला एकाच ऑफिसात कामाला, तिथेच त्यांचं जमलं. आम्ही रीतसर बोलणी करायला भांडुपला गेलो तेव्हा देण्याघेण्याचं, मानपानाचं काय बोलायचं याची मी मनातल्या मनात उजळणी करत होतो. व्याह्यांनी त्यातलं काहीच काढलं नाही. माझ्या हातात पोह्यांची बशी देऊन त्यांनी थेट मेट्रोचा विषय सुरू केला. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो झाली नसती तर हे लग्न झालंच नसतं, असं त्यांचं म्हणणं. मध्य रेल्वेवरच्या मुलाने मध्य रेल्वेवरच्याच मुलीच्या प्रेमात पडायचं, हा इथला भूगोल होता आणि तो यंत्राने मोडला. तेव्हा मुलांनी उगाच आपण काही पराक्रम केला असं समजू नये. लग्नपत्रिकेत कुलदैवताच्या खाली मेट्रोचंही नाव घालावं असा त्यांचा आग्रह होता. 'घाला, आणि हॉलसुद्धा स्टेशनातच घ्या,' असं विहीणबाई म्हणाल्या तेव्हा कुठे तो विषय बारगळला. माझा जीव भांड्यात पडला. या घरात आपल्या मुलीला कोणी टोचून बोलणार नाही, कारण बोलायला व्याही कोणाला उसंतच देणार नाहीत, हे मला त्याच दिवशी कळलं.

मतं ते प्रमाण मराठीत मांडतात, अगदी वर्तमानपत्रातल्यासारखी, आणि बाकीचं जगणं मालवणीत. 'उत्पादनाची साधनं बदलली की कुटुंबसंस्था बदलते,' हे एका दमात म्हणतील आणि पुढच्या दमात 'गो, माझो चष्मो खंय?' ऐकणारा कोण आहे याची त्यांना फिकीर नसते. एकदा मुलुंडहून येताना रिक्षावाल्याला त्यांनी सबंध रस्ताभर समजावलं की पुढे गाड्यांना ड्रायव्हर लागणारच नाही, तेव्हा त्याने आत्ताच दुसरा धंदा शोधावा. त्याने रिक्षा बाजूला घेतली आणि 'तो फिर उसी गाडी में आओ, काका,' म्हणून त्यांना मध्येच उतरवलं. व्याही राहिलेलं अंतर चालत घरी आले, आणि त्या माणसाला आपलं म्हणणं पटलं याचं त्यांना समाधान होतं. बाजारात कोळणीसमोर उभे राहिले की समुद्र तापतो आहे, मासा खोल चालला आहे, भाव असेच चढणार, हे सांगत बसतात. तोवर चांगली पापलेटं दुसरी गिऱ्हाइकं घेऊन जातात, आणि घरी बोंबील येतात.

आमच्याकडे जेवायला आले की ते ताटात मुंबईची उपनगरं मांडतात. भाताचा ढीग म्हणजे राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर. त्याच्या एका अंगाला भेंडीची भाजी, ते भांडुप-मुलुंड. दुसऱ्या अंगाला कोशिंबीर, ती कांदिवली-बोरिवली. एकदा समुद्राची पातळी वाढल्यावर काय होईल हे दाखवताना त्यांनी आमटीची वाटी उचलली आणि सावकाश सगळ्या कोशिंबिरीवर ओतली. 'ही गेली कांदिवली,' ते शांतपणे म्हणाले. माझी बायको हातात पोळी घेऊन उभी होती. 'अहो, आम्ही अजून इथेच आहोत,' ती म्हणाली. त्यावर, तुम्ही काही काळजी करू नका, आमचं घर चढावर आहे, पोटमाळा रिकामाच आहे, असं त्यांनी तिला सांगितलं. आम्ही हसण्यावारी नेलं. पुढच्या वेळी भांडुपला गेलो तर त्यांनी पोटमाळा खरंच झाडून घेतला होता, आणि तुमचं कपाट इथे बसेल म्हणून बायकोला भिंतही दाखवली. त्या दिवसापासून ती त्यांच्याबद्दल एक शब्द ऐकून घेत नाही.

मग जावयाला कंपनीने हॉलंडला बोलावलं. थोड्या दिवसांसाठी नाही, कायमचं. मुलीलाही तिथे काम मिळेल असं होतं. जावई हुशार असला तरी बापाचा शब्द मानणारा. त्याने आम्हा सगळ्यांसमोर विचारलं, 'बाबा, तुमचं काय मत?' मला मुलीने जायला नको होतं आणि तिला तसं सांगायची हिंमत नव्हती. व्याही काहीतरी सिद्ध करून दाखवतील आणि हे परस्पर रद्द होईल, अशी माझी अप्पलपोटी आशा होती. आणि व्याही म्हणाले, 'माका काय कळता त्यातला.' एवढंच बोलून ते उठून गॅलरीत गेले.

त्यानंतर ते बोलेनासेच झाले. विहीणबाईंचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज रडवेला होता. बातम्या लागतात, भाव वाढतात, नवा पूल सुरू होतो, आणि हे नुसते बघत बसतात, असं त्यांचं म्हणणं. त्या बडबडीला आयुष्यभर वैतागलेली ती बाई, आता बडबड बंद झाली म्हणून त्यांना डॉक्टरकडे न्यावं का असं मला विचारत होती. आम्ही त्याच संध्याकाळी भांडुपला गेलो. व्याही गॅलरीत होते. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि त्यांना बोलतं करायला म्हणून, खरं तर माझ्या स्वार्थासाठीच, म्हटलं, 'अहो, तो देश तर समुद्राच्या पातळीखाली आहे म्हणतात.'

'आसा,' ते म्हणाले. 'पण त्यांचे बांध बरे असत.'

इतका आयता मुद्दा मी त्यांच्या हातात दिला होता आणि त्यांनी तो खरेपणाने परत केला. मग ते माझ्याकडे न बघता म्हणाले, 'आयुष्यभर सांगत इलंय, काम थंय माणूस. आता माझ्याच झिलाक नको जाव म्हणान कसा सांगू? आणि जा म्हटलंय तर जायत तो. माझा ऐकता, ह्याच वायट.'

तेवढ्यात मुलगी आणि जावई ऑफिसातून आले. जावयाने बूटही काढले नाहीत. दारातूनच तो म्हणाला की दोघांनी कंपनीला नकार कळवला. व्याही ताडकन उठले आणि उलटतपासणीच सुरू केली. पगार कमी होता का? नाही, चांगला होता. काम इथूनही करता येण्यासारखं आहे का? नाही, ते दुसऱ्या कोणाला देतील. मग तिथली थंडी, तिथले कर, घरांची भाडी? त्यातलं काहीच नव्हतं. 'मग कारण काय?' व्याही जवळजवळ ओरडले.

जावई घरात कधी मालवणी बोलत नाही. त्याची भाषा अंधेरीच्या ऑफिसातली. पण तो म्हणाला, 'बाबा, माका थंय गमाचा नाय.' आणि माझ्या मुलीने, कांदिवलीत वाढलेल्या माझ्या मुलीने, मान हलवून म्हटलं, 'मलापण नाही करमणार.'

व्याही मटकन खुर्चीत बसले. 'करमणं,' ते स्वतःशीच म्हणाले, आणि तेही प्रमाण मराठीत. 'हा मुद्दा मी कधी धरलाच नव्हता.' विहीणबाई पदराने डोळे पुसत आत गेल्या आणि त्यांनी कोंबडी करायची ठरवली. माझ्या बायकोने मुलीला जवळ घेतलं. मला इतकं हलकं वाटलं की मी जावयाचे बूट स्वतःच्या हाताने उचलून कोपऱ्यात ठेवले, आणि ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सगळे आत गेल्यावर मी पुन्हा गॅलरीत आलो. व्याही परत बोलायला लागतील, कोंबड्यांच्या धंद्याचं भवितव्य तरी काढतील, असं मला वाटलं होतं. आणि त्यांनी काही काढलं असतं तर मी ते आनंदाने ऐकलं असतं. पण ते कठड्यावर हात ठेवून उभे होते.

'आमच्या बापाशीक हय कधी गमला नाय,' ते म्हणाले. 'गिरणीतसून इलो की खिडकेत बसान म्हणायचो, गमना नाय रे. माका वाटायचा, म्हाताऱ्याची बोलूची सवय.' मग म्हणाले, 'एकदा तरी विचारूक व्हया होता, जातंस काय गावाक म्हणान.'

मी त्यांच्याशेजारी उभा राहिलो. खाली उतारावरच्या घरांमध्ये दिवे लागत होते. आतून माझ्या मुलीने आम्हाला जेवायला हाक मारली, आणि आम्ही दोघंही लगेच हललो नाही, कारण ती पुन्हा एकदा हाक मारील याची आम्हाला खात्री होती.