माझी मालवणी पकडणारी काकी

मला कुणाचाही आवाज काढता येतो. आमच्या हेडमास्तरांचा काढला की शिपाईसुद्धा उठून उभा राहायचा. एकदा राजापूरच्या एसटीत मी मित्रांना कोकणातला म्हातारा करून दाखवत होतो, "खंय चल्लंस रे मेल्या?" सगळी गाडी हसली. पुढच्या सीटवरची एक काकी तेवढी हसली नाही. तिने वळून सीटच्या दांड्यावर बोट आपटलं.

"बाबू, तू कुठला?"

"रत्नागिरीचाच."

"मग ही मालवणी कशाला? टीव्हीवर शिकलास व्हय? आपल्या रत्नागिरीची संगमेश्वरी बोली बोल की."

मला ती बोलताच येत नव्हती. घरात आम्हाला 'शुद्ध बोला' म्हणूनच वाढवलेलं.

काकी चिडली नाही. तिच्या वाडीतली म्हातारी माणसं दर रविवारी देवळात बसून पोरांशी फक्त संगमेश्वरीत बोलतात म्हणे. पण पोरं लाजतात, शाळेत हसतील म्हणून.

"तू ये रविवारी. तुला लाज कमी हाय. पोरं आदी हसू देत, हसली की बोलतील."

गेलो. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, तिथे सगळे तिला काकीच म्हणतात. तिने मला वाडीतल्या म्हाताऱ्यांचे आवाज काढायला लावले. तासभर पोरं माझ्यावर फिदीफिदी हसली, बोललं कुणीच नाही. शेवटी पहिलीतली एक मुलगी वैतागून उठली.

"दादा, आमी आसं नाय बोलत," म्हणाली, आणि तिने माझंच अख्खं वाक्य संगमेश्वरीत नीट बोलून दाखवलं.

काकीने माझ्याकडे बघितलं. "ऐकलंस ना बाबू? आता हिचा आवाज काढ."