राख उडू द्या!

न्हावऱ्यात हळद कुणाचीही असो, गाणी शेवंतामामीच म्हणणार. आवाज असा खणखणीत, की गोठ्यातल्या म्हशीसुद्धा माना हलवतात! पण दोन हजार तीन साली मामीला दम्यानं धरलं, आन् नेमकी तिच्या भाचीची हळद चार दिवसांवर आली.

मी तिला शिरूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी काटा असलेली प्लास्टिकची नळी पुढं केली. "फुंका. आकडा बघून औषध ठरवू. अडीचशेच्या खाली आला तर औषध वाढेल आणि गाणी बंद."

मामीनं पदर खोचला, नळी तोंडाला लावली आन् हळूऽऽच, लांबलचक फुंकर घातली. काटा एकशेवीसवर. तीनदा फुंकलं, तीनदा तेच.

"एकदम जोरात! एका झटक्यात!" डॉक्टरांचा आवाज चिरकला. हा किस्सा सांगताना तो चिरका सूर मला आता झकास जमतो.

"आवो, फुंकणीत असं कुणी फुंकतंय व्हय?" मामी भडकली. "समदी राख उडून भाकरीवर यील की!"

डॉक्टर खुर्चीतनं उठलेच. "मामी, उडू द्या राख! भाकरी मी खाईन!"

"मग खावा!" म्हणत मामीनं असा दणका दिला, की काटा थेट तीनशेदहावर! डॉक्टरांनी आणखी दोनदा फुंकायला लावून खात्री केली. "औषध आहे तेवढंच. पण धुरापासून लांब बसून गा."

हळदीला मामी चुलीपासून लांब, मांडवाच्या पार दुसऱ्या टोकाला बसली. पहिल्याच गाण्याला गोठ्यातल्या म्हशींनी माना हलवल्या.