४५/१ मधली तिरपी रेघ
धान फुलोऱ्यावर आलं की बांधावर गोडसर वास सुटतो आणि मला ओट्यावरची ती दुपार आठवते. तलावाच्या पाण्याची पाळी कोणाची, हा निरोप प्रत्येक शेताच्या नावानं मोबाइलवर जावा म्हणून पुतणी प्रोग्राम बनवत होती, आणि शेताचं नाव म्हणजे त्याचा गट नंबर. “नावात फक्त अक्षरं न् आकडे चालतील काका, बाकी खुणा गळून जातील,” ती म्हणाली. “मग आपला ४५/१ काय होईल?” “४५१.” मी उठूनच उभा राहिलो. “अवं, ४५१ तर याचं वावर आहे!” मी चहा पीत बसलेल्या शेजाऱ्याकडे बोट दाखवलं. “आपलं पाणी याले देऊन राहिली काय?” त्या दिवशीची पाळी चुकली असती तर आमचे दाणे पोचटच राहिले असते. हसत हसत तिनं तिरपी रेघही चालेल असं करून टाकलं आणि निरोप सोडला. माझ्या खिशात मोबाइल वाजला: ४५/१, पाणी आज. “मले काऊन नाही आला?” शेजारी ओरडला. “तुझी पाळी उद्या!” म्हणत मी फावडं घेऊन पळालोच. आजही निरोप आला की मी आधी ती रेघ पाहतो, मग फावडं उचलतो.