कापा की बरका

माझे मामा आवाजाची पारख फणसाच्या भाषेत करत. त्यांच्या लेखी आवाजाच्या जाती दोनच, कापा आणि बरका. कापा म्हणजे गरा न् गरा सुटा, बोटांना न चिकटणारा, दाताखाली करकरणारा. बरका म्हणजे लिबलिबीत, एकात एक मिसळलेला, चावायच्या आधीच घशात घसरणारा. नवा इअरफोन कानात घातला की ते डोळे मिटत, मान किंचित डावीकडे कलती करत आणि थोड्या वेळाने निकाल देत. "बरका." त्यानंतर त्या वस्तूबद्दल घरात कोणी बोलायचं नाही.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ, एसटीत ड्रायव्हर, रत्नागिरी डेपोला. बाबा मुंबईला नोकरीला होते, सणासुदीला यायचे. त्यामुळे आमच्या घरातला पुरुषमाणूस म्हणजे मामाच. लग्न केलं नव्हतं. मागच्या खोलीत राहायचे, मोजकं बोलायचे. ते ड्युटीवरून आले की मी आपोआप खुर्चीतून उठायची, टीव्हीचा आवाज कमी व्हायचा, आई भांडी हळू ठेवायची. ते कधी कोणावर ओरडले नाहीत, पण ओरडतील असं सतत वाटायचं. मला इंग्रजी शाळेत घालायचा हट्ट त्यांचाच, आणि रागावले की मला 'मॅडम' म्हणणारेही तेच.

त्यांची एक सवय मला नकोशी व्हायची. स्वतःचं ऐकून झालं की ते तोच इअरफोन माझ्या कानांत घालत, समोर स्टूल ओढून बसत आणि माझ्या तोंडाकडे बघत राहत. मला साध्या पाहुण्यांसमोरही बसता यायचं नाही. इथे तर कानात गाणं, समोर मामांचे डोळे, आणि हलायची सोय नाही. एकदा धीर करून मी म्हटलं, "मामा, विचारा ना, मी सांगते कसं आहे ते."

"विचारलं की तू चांगलंच म्हणणार. माझी भीड पडते तुला. मी आपला बघतो."

म्हणून मी चेहरा कोरा ठेवायला शिकले. त्यांनाही ते कळलं असावं, कारण ते अजून निरखून बघू लागले.

परीक्षेची कॅसेट एकच होती. आईच्या लग्नाआधी पालीजवळच्या आमच्या गावी, विहारासमोर, जयंतीला गाण्याचा कार्यक्रम झाला होता. मामा तेव्हा शाळेत होते, आणि कोणाचा तरी टेपरेकॉर्डर मागून आणून त्यांनीच तो स्टुलावर ठेवून रेकॉर्डिंगचं बटण दाबलं होतं. आई कोरसमध्ये होती. दुसऱ्या गाण्यात मुख्य गायक एका ठिकाणी श्वास घ्यायला थांबतो, कोरसवाले टाळीसाठी हात वर करतात, आणि त्या पोकळीत आईच्या काचेच्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरतात. तेवढाच तो आवाज. त्या बांगड्या सुट्या ऐकू आल्या तर इअरफोन कापा. टाळ्यांत बुडाल्या तर बरका.

ही परीक्षा चालू असताना पंखा बंद, कुकर लावायचा नाही, आणि आईने पडवीत जाऊन बसायचं.

"अरे, मी इथे जिती-जागती बसलेय, हातात बांगड्या घालून," आई बाहेरून म्हणायची. "त्या ऐक ना मेल्या, फुकटच्या आहेत!"

"ताई, गप."

वॉकमनच्या आवाजाच्या चक्रीवर मामांनी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला होता. चक्री ठिपक्यावर म्हणजे ठिपक्यावर, कुठल्याही इअरफोनला एक रेषाही जास्त नाही. "मोठ्याने लावलं की भिकारातलं भिकारसुद्धा राजा वाटतं," ते म्हणायचे.

इअरफोन सगळे स्वस्तातले, ते ज्या मार्गावर गाडी नेत त्या मार्गावरच्या टपऱ्यांतले. कोल्हापूरच्या स्टँडवरून आणलेल्याबद्दल ते म्हणाले होते, "ढोलकीवाला सगळ्यांना ढकलून पुढे येऊन बसलाय." खेडला घेतलेला पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखा वाजायचा. मुंबईच्या फेरीत एक मिळाला, त्यात सगळी मंडळी नीट ऐकू यायची, पण मध्ये कोणी दार ओढून घेतल्यासारखी. खोक्यांवरचं इंग्रजी वाचून दाखवणं माझ्याकडे होतं. "डीप बास, क्रिस्टल क्लिअर," मी पुटपुटायची.

"म्हणजे?"

"म्हणजे काचेसारखा स्वच्छ."

"गेल्या खोक्यावर पण हेच होतं. तुमच्या इंग्रजीत बरका होतच नाय काय गो कोण?"

मी कॉलेजात गेले त्या सुमाराला रबरी टोपीचे इअरफोन आले. आधीचे बटणासारखे कानाच्या दारात बसायचे, हे आत रुतायचे आणि बाहेरचं जग बंद करायचे. मामांनी राम आळीतून एक जोडी आणली. माझ्या कानांत त्या बांगड्या अशा वाजल्या की मी दचकून मागे स्वयंपाकघराकडे बघितलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझा चेहरा माझ्या हातातून सुटला. मामांनी तो बघितला. मग इअरफोन स्वतः घातला, डोळे मिटले, कॅसेट मागे नेली, पुन्हा ऐकली.

"बरका," ते म्हणाले.

त्यानंतर ते झपाट्याने जोड्या आणू लागले. पूर्वी वर्षाला दोन-तीन व्हायच्या, आता दर सुट्टीला नवीन. सगळ्या बरक्या. मला मात्र सगळ्यांत बांगड्या ऐकू येत होत्या, कुठे पुढे, कुठे मागे, पण येत होत्या. मला वाटायचं, त्यांचा कान माझ्यापेक्षा बारीक आहे, मला जे पुरतं ते त्यांना पुरत नाही. मग एका दुपारी ते झोपले असताना मी वॉकमन घेतला, बटण दाबलं आणि कानांतून कळ गेली. चक्री ठिपक्याच्या कितीतरी पुढे होती.

मी ती परत होती तिथेच नेऊन ठेवली. कोणाला सांगितलं नाही. पण तेव्हापासून मी मामांकडे बघायला लागले, जसे ते माझ्याकडे बघायचे. नारळ घेताना ते कानाशी धरून हलवत, आतलं पाणी ऐकत आणि मगच पिशवीत टाकत. बाजारात बायका त्यांच्याकडून नारळ निवडून घ्यायच्या. त्या महिन्यात आईने फोडलेले नारळ लागोपाठ खवट निघाले. आईने खोबरं हुंगलं, मामांच्या पाठीकडे बघितलं आणि ते बाहेर टाकून आली. म्हणजे तीही बघत होती.

त्यातच डेपोत ड्रायव्हरांची तपासणी लागली. डोळे, रक्तदाब, आणि या खेपेला कानसुद्धा. मामांनी जेवताना एवढंच सांगितलं. आईने विचारलं, "नाय पास झालं तर?"

"तर गाडीवरून उतरवतात."

"मग?"

"मग काय? भाजी वाढ."

गाडी चालवण्यापलीकडे त्यांनी आयुष्यात दुसरं काही केलेलं नव्हतं, आणि करावंसं वाटल्याचं कधी दिसलंही नव्हतं.

त्या शनिवारी आई आणि मी पालीला मावशीकडे निघालो, आणि गाडीवर मामाच होते. मी त्यांच्या मागच्या बाकावर बसले. ड्रायव्हरच्या डाव्या हाताला इंजिन, त्यावर कोणीकोणी पिशव्या ठेवलेल्या, आणि सगळी गाडी त्याच्या घरघरीने थरथरत होती. एका फाट्यावर एक बाई उतरली. तिचं दुसरं बोचकं अजून पायरीवर होतं, एक हात दांड्याला होता. धूळ येते म्हणून कोणीतरी आतून दार ओढलं. ते अर्धवटच लागलं, पण आपटल्याचा आवाज झाला, आणि गाडी सुटली.

कंडक्टर दोरी ओढत होता. ड्रायव्हरच्या डोक्यावरची घंटी किणकिणत होती, थांबत नव्हती. मामा शांतपणे दुसरा गिअर टाकत होते. पुढची माणसं ओरडली तेव्हा कुठे ब्रेक लागला. बाई पडली नाही. चार पावलं गाडीबरोबर धावली होती एवढंच.

"डोळे फुटले काय रे तुझे?" ती खिडकीशी येऊन म्हणाली.

"घंटी नाय वाजली," मामा म्हणाले.

"नाय वाजली? अहो, हात दुखला माझा ओढून ओढून..." कंडक्टर तावातावाने पुढे आला. त्याने मामांचा चेहरा बघितला आणि त्याचा आवाज उतरला. "दोरी सैल झाली असेल. बघतो."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मामा घंटीवर गाडी चालवतच नव्हते. कोण जाणे कधीपासून, ते दार आपटल्याच्या आवाजावर गाडी सोडत होते.

संध्याकाळी आम्ही परतलो तेव्हा मामा खोलीत बसले होते. सगळे इअरफोन खाटेवर मांडलेले होते. त्यांनी पंखा बंद केला. आईने कोणी न सांगता गॅस बंद केला, पण या वेळी ती पडवीत गेली नाही, दारातच उभी राहिली. मामांनी रबरी टोपीची जोडी माझ्या कानांत घातली आणि चक्री ठिपक्यावर आणली. अगदी ठिपक्यावर. मग समोर बसायच्या ऐवजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

गायक थांबला. हात वर गेले. बांगड्या घसरल्या.

"सांग," मामा म्हणाले. "येतायत काय?"

मी त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलले. माझा मलाच आवाज परका वाटला. "येतायत."

"ह्यात. आणि त्या कोल्हापूरच्यात?"

"त्यात जरा मागे. पण येतायत."

"खेडच्यात?"

"सगळ्यांत येतायत, मामा. पहिल्यापासून."

ते वळले. माझ्या कानांतून टोप्या काढून त्यांनी स्वतःच्या कानांत घातल्या. कॅसेट मागे नेली. ऐकली. पुन्हा मागे नेली. चक्रीला हात लावला नाही. दारात आईने एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या घट्ट धरून ठेवल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. तिला का तसं वाटलं कोण जाणे, वाजल्या असत्या तरी मामांना कळलं नसतं.

शेवटी त्यांनी इअरफोन काढले आणि वायर नीट गुंडाळली. "म्हणजे फणस सगळे कापेच होते," ते म्हणाले.

"उद्या गाडीवर जाऊ नको," आई म्हणाली.

"डेपोत जातो. गाडीवर नाय."

तपासणीची वाट न बघता ते दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी सांगितलं की जाड आवाज शाबूत आहेत, बारीक गेलेत, डाव्या कानातले जास्त. इतकी वर्षं इंजिन त्याच बाजूला होतं. मामांना टायरच्या गोडाऊनमध्ये काम मिळालं. खाकी तीच, पण ते ती इस्त्री करीनासे झाले. वॉकमन कपाटात गेला. माझ्याशी बोलणं तुटलं. जेवताना मीठ हवं असलं तरी आईकडे मागायचे. मला 'मॅडम' म्हटलं असतं तरी चाललं असतं. घरात आता आवाज हळू करायचं कारण उरलं नव्हतं, तरी आम्ही तिघं पूर्वीपेक्षा हळू वावरत होतो. खरं सांगितल्यावर मोकळं वाटतं म्हणतात. मला महिनोन्महिने तसं काही वाटलं नाही.

मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी मामा पायरीशी येऊन म्हणाले, "चल." कुठे ते मी विचारलं नाही. नारळवाल्यासमोर उभे राहून त्यांनी एक नारळ उचलला, नेहमीसारखा कानाशी नेला आणि मध्येच थांबून माझ्या हातात दिला.

"हलव गो. पाणी हाय काय?"

मी हलवला. "आहे."

"किती?"

"भरपूर नाही. दुसरा बघूया."

"बघ. घाई नाय."

आम्ही बराच वेळ तिथे होतो. नारळवाला कंटाळला.

पुढे मला पुण्याला नोकरी लागली. निघायच्या दिवशी मामा स्टँडवर आले, ओळखीच्या कंडक्टरला सांगून माझी बॅग वर चढवली आणि माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसले. खिशातून एक खोकं काढलं. तिथल्याच टपरीवरचे, रबरी टोपीचे, मोबाइलला लागणारे. खोक्यावर काय लिहिलंय ते त्यांनी विचारलं नाही. कॅसेटवरची गाणी मी आधीच मोबाइलच्या कार्डवर उतरवून घेतली होती, ते त्यांना माहीत होतं. "लाव," ते म्हणाले, आणि पूर्वीसारखे माझ्या तोंडाकडे बघत बसले.

मी दुसरं गाणं लावलं. गायक श्वासासाठी थांबला, हात वर गेले, आणि मी चेहरा कोरा ठेवला नाही.

"कापा," मामा म्हणाले.

कंडक्टरने दोरी ओढली. मामांनी प्रश्नार्थक नजरेने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, तेव्हा ते उठले आणि खाली उतरले.