दहा मिनिटांचं काम

संघप्रियाला राग लवकर येत नसे. पण आला की आठवडाभर मुक्कामाला राही.

२००६ साली ती कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका ऑफिसात होती. जिल्ह्यातल्या कारखान्यांची यादी देणारी वेबसाइट, चोवीसशे लिंका. दर महिन्याला एकेक उघडून बघायची, बंद असली तर वहीत खूण करायची. चार दिवस मान मोडायची. शेवटी तिनं चुकतमाकत एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहिली, पन्नास लिंका एकदम ठोठावणारी. दहा मिनिटांत चोवीसशे दारं वाजवून मोकळी!

मालक आण्णांना तिनं हौसेनं दाखवली.

"झकास! मग आता तुझं काय काम उरलं न्हाय की गं. उद्यापास्नं येऊ नकोस."

"आण्णा, बंद दिसलेली लिंक दुसऱ्या दिवशी परत बघाय लागती..."

"बटण दाबाय येतंय मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बुद्धवंदनेला बसली. ओठांवर सगळ्यांचं भलं चिंतणारी मैत्रीभावना, डोळ्यांसमोर आण्णांचं तोंड. आई सोनूबाई म्हणाली, "वंदना म्हणतीस का शिव्या देतीस गं?"

आण्णांनी बटण दाबलं ते नेमकं शुक्रवारी. त्या वारी इचलकरंजीत दिवसभर लाइट नसे. तिथल्या तीनशे यंत्रमागवाल्यांच्या साइट एका गाळ्यातल्या कॉम्प्युटरवर होत्या, तोही बंद. म्हणून संघप्रिया शुक्रवारी इचलकरंजीला हातच लावत नसे. स्क्रिप्टनं तीनशे लिंका बंद दाखवल्या. आण्णांनी तीनशे नावं यादीतून उडवली.

सोमवारी आण्णांचा फोन आला. "मागवाले येऊन बसल्यात. तुझ्या स्क्रिप्टनं घोळ घातला, असं सांगितलंय मी."

नोकरी गेली ते तिनं गिळलं होतं. हे गिळवेना. अर्ध्या तासात ती ऑफिसात उभी.

"पावणं, स्क्रिप्टनं नुसतं दार वाजवलं. घरात अंधार दिसला म्हणून घर पाडलं ते आण्णांनी. शुक्रवारी!"

मागवाल्यांतले नेमिनाथ उठलेच. "आण्णा, शुक्रवारी आमच्यात लाइट नसती, हे शेंबड्या पोरालाबी ठावं हाय की!"

आण्णांनी मान खाली घातली. "व्हय. चुकलं माझंच."

तेवढं ऐकल्यावरच ती खुर्चीवर बसली. जुन्या यादीची प्रत तिनं ठेवली होती. तीनशे नावं परत चढवली.

"उद्यापास्नं ये," आण्णा पुटपुटले.

"येते. पण बटण मी दाबणार."

चहा आला. तिनं घेतला नाही; रागाचा आठवडा अजून सरायचा होता.